अण्णांच्या चाकूची मूठ

४ फेब्रुवारी

व्यायामवाली म्हणाली, घरात आजारी माणूस असलं की रोजचं टिपून ठेवावं. काय खाल्लं, किती चालले, हात कुठवर वर गेला. म्हणून ही वही काढली. पण आजचं टिपायचं तर खाल्लं नाही, चालले नाहीत, हात जिथल्या तिथे. रोज हेच लिहायचं असेल तर एक शिक्का करून घेतलेला बरा. त्यापेक्षा जे घडेल ते लिहीन.

आज घडलं ते असं. गॅलरीतल्या कुंड्या सरकवून झाडत होते, तर मागे अण्णांचा चाकू सापडला. अण्णा म्हणजे माझे सासरे. त्यांनी जन्मभर बागखात्यात कलमं बांधली, ती सगळी या घडीच्या चाकूने. निवृत्त झाल्यावरही तो कायम खिशात. एक वेळ चष्मा विसरतील, चाकू नाही. नोव्हेंबरात इथेच झाडांना पाणी घालताना कोसळले आणि उजवी बाजू गेली. तेव्हा हातातून उडून मागे गेला असणार. पातं धड आहे, जरासं गंजलंय. मुठीची एक लाकडी पट्टी अर्धी उडालीय, दुसरीला उभी चीर.

पुसून त्यांच्यापुढे धरला. त्यांनी बघितलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. पण बघितलं. दवाखान्यातून आल्यापासून हा माणूस कशाकडेच बघत नाही. व्यायामवालीने दाबायला रबरी चेंडू दिलाय, तर म्हणाले, मी काय कुत्रा आहे? चेंडू पलंगाखाली.

मी ठरवलंय, मूठ नवी बसवायची. चष्म्याच्या दुकानात इतकी वर्षं काड्या, बिजागऱ्या आणि डोळ्यांना न दिसणारे स्क्रू बसवतेय. चाकू म्हणजे तरी काय, एका काडीचा चष्मा.

नवऱ्याला सांगितलं. तो लिफ्ट दुरुस्त करतो, घरात सगळी हत्यारं आहेत. वाटलं, लगेच ड्रिल काढून देईल. तो चाकूकडे नुसता बघत राहिला. मग म्हणाला, जिथं होता तिथं ठेव. एवढंच. या माणसाच्या पोटात एक लिफ्ट आहे आणि ती कायम दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेली असते.

६ फेब्रुवारी

जेवणाच्या सुट्टीत दुकानातच चाकू खोलला. रचना साधी आहे. मधे पातं आणि त्याच्या पाठीशी पोलादी कमान, दोन्हीकडून पितळेचे पत्रे, पत्र्यांवर बाहेरून लाकडी पट्ट्या. आरपार तीन खिळे, दोन्ही टोकांना ठोकून चपटे केलेले. त्यांची डोकी कानशीने घासून काढली आणि सुंभ्याने, म्हणजे बारीक पोलादी दांडीने, खिळे मागून बाहेर ठोकले. तिसरा निघाल्याबरोबर सगळं सुटं झालं आणि कमान टेबलाखाली उडाली. शेजारच्या टेबलावरचा लेन्स घासणारा म्हणाला, वहिनी, हे जोडता येणार नसेल तर आताच सांगा, मी काही पाहिलं नाही.

सगळे भाग लेन्सच्या डबीत भरून घरी आणले.

९ फेब्रुवारी

नवऱ्याचं काय चाललंय कळत नाही. आज मोरीच्या दाराची आतली कडी काढून टाकली. म्हणे, अण्णा आत पडले तर दार कोण तोडणार. बरोबर आहे, पण मग दार लोटून घेऊन आम्ही सगळ्यांनी आतून गाणी म्हणत आंघोळी करायच्या का? औषधांचा डबा आमच्या कपाटात, माझ्या साड्यांच्या वर ठेवलाय. गॅलरीच्या दाराला कुलूप. विचारलं तर म्हणाला, कबुतरं येतात. कबुतरं काय कडी काढून येतात?

झोपतोही बाहेरच्या सोफ्यावर, अण्णांच्या खोलीच्या तोंडाशी. आमच्या खोलीत म्हणे पंख्याचा आवाज होतो. तो पंखा त्यानेच बसवलेला आहे.

मला वाटतं, त्याला आजारी माणसाचा कंटाळा आलाय आणि तो असा बाहेर पडतोय. बोलून दाखवत नाही म्हणून शंभर नियम काढतोय.

११ फेब्रुवारी

माळ्यावर जेवणाच्या टेबलाची एक मोडकी खुर्ची आहे. तिच्या पायाचं लाकूड घट्ट, गडद, छान रेषांचं. खाली सुतारकाम करतात त्यांच्याकडून त्याच्या दोन पातळ चिपा कापून घेतल्या. पितळी पत्रा वर ठेवून पेन्सिलीने आकार काढला. ड्रिल मागितलं तर नवरा म्हणाला, कंपनीच्या गाडीत राहिलंय. रोज गाडीत राहतंय. दुकानातलं हातड्रिल आणलं, बिजागरीची भोकं पाडायचं. चिमणीने डोंगर पोखरावा तसं काम, पण होतं.

संध्याकाळी नणंदेचा फोन. तिला उत्साहाने सांगितलं, तर तिने मला मधेच थांबवलं. मग म्हणाली, "वहिनी, चाकू कशाला देतेस त्यांच्या हातात? दादा तुला काही बोलला नाही का?"

म्हटलं, तुझा दादा काय बोलणार. गप्प बसण्याचा पगार मिळाला असता तर एव्हाना साहेब झाला असता. ती हसली नाही. दादाला फोन दे म्हणाली. तो फोन घेऊन खाली गेला आणि बराच वेळ आला नाही. बहीणभावाचं गूळपीठ आधीपासूनच आहे, आपण कशाला मधे पडा.

१४ फेब्रुवारी

एक पट्टी फुटली. गोंद लावून, पत्र्याला चिकटवून, वाळवून सगळं झालं होतं. खिळा घालून डोकं चपटं करायला हातोडीने टकटक करत होते. शेवटची टक जास्त झाली आणि भोकापासून टोकापर्यंत चीर गेली.  मग रडू आलं, जे चाकूसाठी नव्हतं.

आज सकाळी अण्णांना भरवत होते तेव्हा ते म्हणाले, "तुझे हाल होतात." मी म्हटलं, छे. ते म्हणाले, "होतात. थोडे दिवस." मी म्हटलं, हो, थोडे दिवस, मग तुम्ही धावायला लागाल. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी काहीतरी येड्यासारखं बोलले असणार.

१९ फेब्रुवारी

दुसरी पट्टी जमली. या वेळी भोक खिळ्यापेक्षा केसभर मोठं ठेवलं आणि पत्रा नि पातं यांच्या मधे कागद घालून खिळा ठोकला, म्हणजे पातं आवळून बसत नाही. मग कानस, मग पॉलिश पेपर, आधी खरबरीत मग मऊ, शेवटी तेल. लाकडाचा रंग असा उघडला की दुकानातले सगळे बघायला आले. पातं उघडताना खट्ट असा आवाज येतो. लेन्स घासणारा म्हणाला, वहिनी, आता दुकानावर पाटी लावा, इथे चाकूंचे नंबर काढून मिळतील.

उद्या रविवार, नवरा घरी. सोमवारी तो कामावर गेला की देईन. त्याच्या तोंडाकडे बघत देण्यात मजा नाही.

२१ फेब्रुवारी

हे लिहायला हात होत नाही, पण लिहिते.

अण्णांना तक्क्याला टेकवून बसवलं आणि चाकू डाव्या हातात दिला. त्यांनी अंगठा लाकडावरून फिरवला. टोकापर्यंत नेला, परत आणला. मग उघडायला गेले. पात्यावर नखाने ओढायची खाच असते, ती उजव्या हाताने काम करणाऱ्याला सोयीची. डाव्या हातात धरला की नख लावायला दुसरा हात हवा. उजव्याने मूठ धरवेना, ती बोटांतून निसटे. माझी पट्टी अगदी मूळच्यासारखी पातळ आणि वर तेल पाजलेली, गुळगुळीत. गुडघ्यात धरून बघितलं. शेवटी दातांत धरायला लागले, तेव्हा मी हात पुढे केला. मी उघडून देते म्हटलं.

ते म्हणाले, "नको. हात नाही तर हत्यार कशाला." चाकू उशीशेजारी ठेवला आणि भिंतीकडे वळले.

म्हणजे इतके दिवस मी मुठीकडे बघत होते, हाताकडे बघितलंच नाही. दुकानात कुणी चष्मा घेतला तर आधी नाक बघते, कान बघते. इथे मूळ चाकूची नक्कल करत बसले.

दुकानाला उशीर होत होता. दुपारी शेजारीणबाई येऊन बसतात, त्यांना सांगून तशीच गेले. चाकू उशीशीच राहिला.

संध्याकाळी परतले तर नवरा माझ्या आधी आलेला. स्वयंपाकघरात उभा होता, पाठमोरा. ओट्यावर चाकू.  मला वाटलं आता भांडण. तो हळू आवाजात म्हणाला, "दिवसभर तो त्यांच्याजवळ होता?"

म्हटलं, होता. उघडत तर नाही त्यांना.

तो खाली बसला, फरशीवरच. मग अडकलेली लिफ्ट एकदम खाली आली. पडले त्या दिवशी मूठ फुटली, चाकू त्यानेच उचलून खिशात घातला होता. दवाखान्यात आठवड्याने अण्णांना बोलता यायला लागलं. पहिलं धड वाक्य कुठलं, तर, घरी गेलो की माझा चाकू उशाशी ठेव. याने विचारलं, कशाला? "म्हणाले, तुम्हाला सगळ्यांना मोकळं करतो." घरी आल्यावर याने तो कुंड्यांमागे टाकला. कचऱ्यात टाकवेना म्हणाला, त्यावर आपण वाढलो.

मी म्हटलं, "मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर खरं झालं असतं."

मी त्याच्याशेजारी बसले. गॅसवर काही नव्हतं, कुणाला भूक नव्हती. मोरीची कडी, औषधांचा डबा, सोफा, कबुतरं. मी काय काय लिहून ठेवलंय या वहीत. पानं फाडावीशी वाटली. फाडली नाहीत.

२२ फेब्रुवारी

रजा टाकली. नवऱ्यानेही टाकली, पण तो दारातच उभा राहिला, आत येईना. मीच पलंगावर बसले. आडून आडून विचारायचं ठरवलं होतं. तोंडातून सरळच गेलं.

"अण्णा, तुम्हाला चाकू कशाला हवा होता?"

त्यांनी दाराकडे बघितलं. मुलगा उभा आहे, म्हणजे काय ते कळलंय, हे त्यांना कळलं.  खाली कुणीतरी गाडी धूत होतं, त्याचं पाणी ऐकू येत होतं.

"तेव्हा हवा होता एका कामाला," ते म्हणाले.

"आणि आता?"

"आता उघडतो कुठे? तू असा केलास की मला मरायलाही तुला हाक मारावी लागेल."

मला हसू फुटलं आणि त्याच वेळी डोळ्यांतून पाणी. अण्णांचं डावं गालफड जरा हललं. दारातला मात्र हसला नाही. तो आत आला आणि म्हणाला, "असं बोलू नका." लहान मुलासारखं म्हणाला. मी त्याला कधी तसं बोलताना ऐकलं नव्हतं.

अण्णांनी डाव्या हाताने पलंग थोपटला. तो बसला. मग दोघंही माझ्याकडे बघायला लागले, जणू काही पुढचं मलाच ठाऊक आहे.  मी चाकू काढला आणि विचारलं, याच्यात काय चुकलंय ते तरी सांगा.

मग बोलले. इतकं की मधे दोनदा पाणी द्यावं लागलं. जीभ जड आहे, पण शब्द नेमके. म्हणाले, उजवा हात आता हात नाही, खुंटी आहे. खुंटीला बारीक वस्तू राहत नाही. मूठ जाड हवी, चांगली वांग्यासारखी, म्हणजे बोटं मिटली नाहीत तरी अडकतील. वर तेल नको, कानशीचे ओरखडे राहू देत. आणि नखाची खाच डाव्याला निरुपयोगी. त्याऐवजी मुठीलाच दोन्हीकडून अर्धचंद्र काप, पितळेसकट. मधे पात्याची पाठ उघडी पडेल. ती चिमटीत धरून ओढली की झालं.

नवरा ऐकत होता. शेवटी म्हणाला, "करून देतो. पण मला भीती वाटते, अण्णा."

अण्णा म्हणाले, "टोक घासून टाक."

"काय?"

"पात्याचं टोक. गोल कर. कलमाला धार लागते, टोक लागत नाही."

टोक नसलं तरी धार असतेच, हे त्या खोलीत तिघांनाही माहीत होतं. पण नवऱ्याने मान हलवली आणि उठून गेला. थोड्या वेळाने ड्रिल घेऊन आला. ते घरातच होतं.

२७ फेब्रुवारी

जेवणाच्या टेबलावर कारखाना. खुर्चीच्या पायाचे या वेळी जाड तुकडे घेतले. नवरा ड्रिल चालवतो, मी कानस मारते, अण्णा शेजारी बसून चुका काढतात. नवऱ्याला वाटतं, भोक सरळ असलं की पुरे. मला वाटतं, कड मऊ हवी. अण्णांना दोन्ही हवं. दर थोड्या वेळाने मूठ त्यांच्या उजव्या हातात अडकवून बघायची, जिथे सटकते तिथे पेन्सिलीची खूण करायची. चष्मा बसवताना मी हेच करते. काल इथे, आज जरा वर.

टोक नवऱ्याने एकट्याने घासलं, मोरीत बसून, कानशीवर पाणी टाकत. मी आत गेले नाही.

व्यायामवाली आली, टेबलावरचा पसारा बघितला आणि विचारलं, हे काय? अण्णा तिलाच म्हणाले, हवालदारबाई, तुमचा चेंडू कुठंय? पलंगाखालून काढावा लागला. धूळ बसली होती.

३ मार्च

जोडला. दिसायला ओबडधोबड, जाड, एखाद्या दाराच्या खुंटीसारखा. दुकानात दाखवायला नेणार नाही.

उघडत नाही अजून. उजवा हात मूठ धरतो, पण डाव्याने पातं ओढलं की मूठही बरोबर येते. नवरा म्हणाला, कमान ढिली करू का? अण्णा म्हणाले, कमान बरोबर आहे. हात ढिला आहे. आणि चेंडू मागितला.

चाकू दिवसा त्यांच्याजवळ असतो आणि झोपताना नवरा घेऊन जातो. कुणी तसं ठरवलं नाही. संध्याकाळी अण्णा स्वतःच त्याच्यापुढे धरतात.

११ मार्च

आज उघडला. मी भाजी चिरत होते, आतून खट्ट आवाज आला. धावत गेले. वाटेत काय काय मनात आलं ते लिहीत नाही. अण्णा पलंगाच्या कडेला बसलेले, चाकू उघडा, आणि ते त्याच्याकडे असे बघतायत की जणू कुणी पाहुणा आलाय. पाठ मांडीला टेकवून मिटला. परत ओढला. या वेळी उघडला नाही. तिसऱ्यांदा उघडला.

त्यांनी विचारलं, चिरायला काही आहे का? मी गवारीच्या शेंगा नेऊन दिल्या. त्यांनी त्या एकेक करून, प्रत्येक तुकडा वेगळ्या लांबीचा, अशा संपवल्या. पानभर लिहिण्यासारखं नाही, पण आज भाजी जेवले.

अंगठ्याला थोडं कापलं. नवऱ्याने बघितलं. पट्टी आणून लावली. पोरगा पडला की आई लावते तशी, जरा जास्तच मोठी.

२१ मार्च

सकाळी अण्णा म्हणाले, खाली जायचं. आमच्या इमारतीच्या कंपाऊंडला एक जंगली गुलाब आहे, फुलं फालतू, काटे भरपूर. आणि दुसऱ्या बाजूला पहिल्या मजल्यावरच्या बाईंचा लाल गुलाब, कुंडीत. अण्णांना म्हणे त्या लालचा डोळा, म्हणजे पानाच्या बेचक्यातला कोंब, या जंगलीवर भरायचाय. मी म्हटलं, मीही डोळ्यांच्याच धंद्यात आहे, मदत करीन.

लिफ्टने नेलं. खुर्ची टाकली. बाईंनी आनंदाने एक फांदी दिली. नवरा कामावर निघालेला, पिशवी खांद्यावर, तो थांबला.

अण्णांनी चाकू उघडला, तिसऱ्या झटक्याला. मी जंगली फांदी धरली, त्यांनी सालीवर चीर दिली. वाकडी गेली. खाली सरकून दुसरी दिली, तीही वाकडी, पण म्हणाले चालेल. मग लाल फांदीवरचा डोळा सालीसकट सोलायचा. पहिला फाटला, दुसरा उडून मातीत पडला. कपाळावर घाम आला. नवऱ्याने पुढे व्हायला पाऊल उचललं, मी त्याच्याकडे बघितलं, तो थांबला. तिसरा डोळा अखंड निघाला, नखाएवढा, मधे हिरवा ठिपका. चिरेत तो मी सरकवला, कारण त्याला दोन हात लागतात. मग पट्टीने बांधला. सैल झालं म्हणाले. सोडून परत बांधला. आता आवळलास म्हणाले. तिसऱ्यांदा काही बोलले नाहीत.

चाकू मांडीला टेकवून मिटला आणि स्वतःच्या खिशात टाकला. नवऱ्याने ते बघितलं.

मी विचारलं, लागला की नाही ते कधी कळतं?

"महिना जातो. डोळा हिरवा राहिला तर लागला. फुटून फूल यायला आणखी पुढे." त्यांनी फांदीकडे बघत जरा हिशेब केला. "म्हणजे थांबावं लागेल."

नवऱ्याने पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली.

"थांबा की मग," तो म्हणाला. "कुठं जायचंय?"

अण्णा म्हणाले, "वर. भूक लागलीय."